निळा मी सांगायचो

रेवण गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाणी भरत होतो. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणूस दुसऱ्या कशालाच मोकळा नसतो. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन. पलीकडून महादेवीवहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्ये उठंना झाल्यात बघा." मी विचारलं, डॉक्टरांना बोलावलं का. त्या म्हणाल्या, डॉक्टर येऊन बघून गेले. पिंप भरून वाहायला लागलं, पाणी जिन्यावरून खाली रस्त्यावर गेलं, खालच्या बाईंनी दोनदा हाका मारल्या, तरी मी पाइप धरून तसाच उभा होतो.

त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, ते लिहायला लाज वाटते. पण तेच लिहायचं नसेल तर हे सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही. मला वाटलं... सुटलो. आता त्याला सांगायचं राहिलं नाही. चौदा महिने मी एक गोष्ट सांगायची म्हणून त्याच्या घरी जात होतो आणि चहा पिऊन परत येत होतो. ज्या चुकीपायी त्यानं चाकू करायचं सोडलं, ती चूक त्याची नव्हती, माझी होती. सांगायला दोन मिनिटं लागली नसती. आज त्याला जाऊन सहा आठवडे झाले आणि सुटलो-बिटलो काही नाही, उलट मी फार दमलोय. बसलो की उठावंसं वाटत नाही.

रेवण म्हणजे रेवणसिद्ध. पेठेत सगळे त्याला रेवणप्पा म्हणायचे, मी एकटा रेवण म्हणायचो. आम्ही दोघं चादरी-टॉवेलच्या एकाच कारखान्यात तीस वर्षं होतो. तो जॉबर. माग अडला, सूत गुंतलं, धोटा उडून भिंतीवर आपटला, की सगळे त्याला हाक मारायचे. मी सूत रंगवायच्या खात्यात. त्याच्या घरी कानडी, माझ्या घरी तेलुगू, आणि आमचं दोघांचं भांडण मराठीत. भांडणाला कारण लागायचं नाही. मी रंगवलेल्या सुताला तो नावं ठेवायचा आणि गंमत अशी, की त्याला रंग कळतच नव्हते. लाल आणि हिरवा त्याच्या डोळ्यांना सारखाच मातकट दिसायचा, जांभळा आणि निळा तर एकच. चादरीवर मोर असो की पोपट, त्याच्या लेखी दोन्ही चिमण्या. हे मला, वहिनींना आणि त्याला, एवढ्या तिघांनाच माहीत होतं. मालकाला कळलं असतं तर त्याला मागापासून दूर केलं असतं, म्हणून मी सुताच्या गड्ड्यांना बांधायच्या दोरीत गाठी मारून पाठवायचो. एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा, तीन गाठी जांभळा, निळ्याला गाठ नाही. तीस वर्षांत एकदाही त्याच्या मागावर चुकीचं सूत चढलं नाही आणि एकदाही त्यानं माझे आभार मानले नाहीत. मानले असते तर मी त्याला दवाखान्यात नेलं असतं.

चाकू करायचं वेड त्याला कारखान्यातच लागलं. मागात गुंतलेलं सूत कापायला जॉबरच्या खिशात चाकू लागतो, आणि बाजारातला घडीचा चाकू त्याच्याकडे महिनाभर टिकायचा नाही. पातं हलायला लागलं की त्याचं डोकं हलायचं. शेवटी त्यानं झिजलेल्या कानशीचं पातं केलं, मोडक्या धोट्याच्या लाकडाची मूठ केली, आणि पितळी खिळ्यानं दोन्ही जोडलं. धोट्याचं लाकूड वर्षानुवर्षं सुतावरून घासून इतकं गुळगुळीत झालेलं असतं की त्याला पॉलिश लागत नाही. तो पहिला चाकू दुसऱ्या जॉबरनं मागितला, मग तिसऱ्यानं, मग झाडांची कलमं करणाऱ्या एकानं. निवृत्त झाल्यावर त्यानं शुक्रवार पेठेतल्या घरातली न्हाणीघराशेजारची जळणाची खोली रिकामी केली, तिथं लोखंड घट्ट धरायचा वाईस बसवला, आणि सकाळी नऊला डबा घेऊन त्या खोलीत जायला लागला. घरातल्या घरात डबा! वहिनी म्हणायच्या, चार पावलांवर स्वयंपाकघर आहे, येऊन जेवा की. तो म्हणायचा, ड्युटीवर आहे.

शिंगाची किंवा हाडाची मूठ तो करायचा नाही, त्याच्या घरात ते चालत नव्हतं. आणि चार बोटांपेक्षा लांब पातं करायचा नाही. पेठेतली काही पोरं एकदा लांब पात्याचा, खटका दाबला की उघडणारा चाकू मागायला आली होती. त्यानं त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला, आणि सांगितलं की मी फळाचा आणि झाडाचा चाकू करतो, माणसाचा करत नाही. पोरं निघून गेली. तयार झालेला चाकू तो कधी कुणाच्या हातात द्यायचा नाही. ओट्यावर ठेवायचा आणि समोरच्यानं तो उचलायचा. हातातून हातात चाकू दिला की भांडण होतं, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. मी त्याला चिडवायचो, अरे, मग आपण दोघं रोज का भांडतो, मला तर तू आजवर एकही चाकू दिला नाहीस. तर म्हणाला, तुला कशाला चाकू, तुझी जीभ हाय की.

आता जरा कामाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घडीच्या चाकूत खरी मेख पात्यात नसते, मुठीच्या पाठीला असलेल्या पोलादी पट्टीत असते. ती पट्टी स्प्रिंगसारखी पात्याच्या टाचेवर, म्हणजे पात्याच्या मुठीतल्या टोकावर, दाबून बसते. उघडलेलं पातं उघडं राहतं आणि मिटलेलं मिटलेलं राहतं, ते तिच्यामुळे. रेवण या पट्ट्या सुताराच्या टाकून दिलेल्या करवतीतून कापायचा. कापून, भोकं पाडून झाली की त्या लाल करून करडईच्या तेलात बुडवायच्या. म्हणजे पोलाद कडक होतं, पण इतकं, की वाकवलं तर काचेसारखं तुटतं. म्हणून मग पट्ट्या घासून चकचकीत करायच्या आणि वाळू भरलेल्या तव्यावर ठेवून हळूहळू तापवायच्या. तापताना पोलाद रंग बदलत जातं. आधी कडब्यासारखं पिवळं, मग तपकिरी, मग वांग्यासारखं जांभळं, आणि मग निळं. निळं झालं की त्याच क्षणी उचलायचं. आधी उचललं तर पट्टी तुटते. निळा ओलांडून राखाडी झालं तर मऊ पडते, आणि मऊ पट्टीचा चाकू थोडे दिवस बरा चालून मग दगा देतो.

आणि हा रंग रेवणला दिसत नव्हता. म्हणून निळा मी सांगायचो. पट्ट्या तापवायच्या दिवशी तो सकाळीच निरोप पाठवायचा, मी जायचो, तव्यापाशी स्टुलावर बसायचो. तो चिमटा घेऊन शेजारी उभा. "आला का?" "थांब." "आला का?" "थांब की रे." "आला. काढ." मी 'काढ' म्हटलं की एका झपाट्यात सगळ्या पट्ट्या तव्याबाहेर. पंचवीस वर्षं हे चाललं. निळ्याच्या बाबतीत सोलापुरात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगणारे बाकीचे आता राहिले नाहीत. आकाशी, मोरपंखी, शाई, नीळ, रात्रीचा निळा, सगळे मी नुसत्या नजरेनं जुळवायचो. रेवणच्या तव्यावरचा निळा यांतला कुठलाच नव्हता. तो एखाद मिनिट यायचा आणि जायचा. मला तो बघायला आवडायचा, चाकूत मला काडीचा रस नव्हता.

गेल्याच्या आधीच्या श्रावणात त्यानं नऊ चाकू हाती घेतले होते. भादव्यात द्राक्षाची कलमं सुरू होतात, त्याआधी ते द्यायचे होते. बहुतेक कलम करणाऱ्यांचेच, एक पेठेतल्या पानवाल्याचा. त्यांतला एक दुधनीच्या निंगप्पाचा होता. निंगप्पा म्हणजे कलमांतला वस्ताद माणूस, टोळी घेऊन बागाबागांतून फिरायचा. त्याचा पहिला चाकूही रेवणचाच, धार लावून लावून त्याचं पातं काडीएवढं झालं होतं.

त्या वर्षी माझ्या डोळ्यांवर जाळी आली होती. बसची पाटी वाचता येत नव्हती, दिव्यांभोवती कडी दिसत होती. बायको रोज म्हणायची, डोळे दाखवून या. मी रोज उद्या म्हणायचो. जन्मभर रंगावर जगलेल्या माणसाचे डोळे गेले म्हटल्यावर त्याच्याकडे उरलं काय, अशी माझी अक्कल. रेवणला तर मी अजिबात कळू दिलं नाही. त्याचं रंगांधळेपण मी तीस वर्षं सांभाळलं, त्याची मस्करी केली, आता माझंच गाऱ्हाणं घेऊन त्याच्याकडे जाणं मला जमत नव्हतं.

त्या दिवशी तव्यावर दहा पट्ट्या होत्या. दर खेपेला एक पट्टी जादा करायची त्याची रीत होती, एखादी बिघडली तर असावी म्हणून. मी स्टुलावर बसलो. पिवळा दिसला. तपकिरी दिसला. जांभळा दिसला असं वाटलं. मग निळ्याची वाट बघत बसलो. "आला का?" "थांब." पट्ट्यांवर काहीतरी मळकट छटा होती, ती जरा काळी झाली, जरा फिकी झाली. मी आणखी वाकलो, धग तोंडावर आली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा थांब म्हणालो. त्यानं चौथ्यांदा विचारलं तेव्हा मला भीती वाटली, निळ्याची नाही, त्याला कळेल याची. मी म्हणालो, "आला. काढ." मला निळा दिसला नव्हता.

घरी येताना मी स्वतःला समजावलं की दिसला होता. माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो, आणि घरी पोचेपर्यंत माझी खात्रीही पटली होती.

चाकू गेले. वीस-बावीस दिवसांनी निंगप्पा एका बागेत कलमं करत होता. ज्यावर कलम बांधायचं तो खुंट चिरताना पातं लाकडात रुतलं, ते त्यानं बाहेर ओढलं, आणि उघडा चाकू हातातच मिटला. उजव्या हाताची तर्जनी आतून कापली, आतली शीर तुटली. डॉक्टरांनी शिवलं, जखम भरली, पण बोट पुन्हा वळलं नाही. कलम करणाऱ्याचं ते बोट म्हणजे सगळं काही. रेवण आणि मी दवाखान्यात गेलो तेव्हा निंगप्पा एवढंच म्हणाला की चुकून झालं, तुमी कशाला एवढ्या लांब आलात. रेवण त्याच्या पायांशी उभा राहिला. त्यानं चाकू मागून घेतला, रुमालात गुंडाळला, आणि परतीच्या एसटीत सबंध वाट तो रुमाल मांडीवर धरून बसला.

घरी येऊन त्यानं तो चाकू आठ-दहा वेळा उघडला, मिटला. डोळे मिटून, कान देऊन. पातं बसताना जो टणक आवाज यायला हवा तो येत नव्हता. मग त्यानं पात्याची टाच अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाला की टाचेची कड गोल झालीय, कानस मारताना हात हलला असणार. त्या वर्षी त्याचा हात जरा थरथरायला लागला होता, चहाचा कप धरताना दिसायचं. मी म्हणालो, पट्टी एकदा बघ की. तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पट्टीचं काय बघायचं? निळा तू सांगितलास. तितं चूक व्हायची न्हाय. चूक माझ्या हातात हाय."

पट्टी काढून वाकवून बघितली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. पोरालासुद्धा कळलं असतं. त्यानं बघितली नाही, आणि मी आणखी एकदा बघ म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं बाकीचे आठ चाकू परत आणायचं काढलं. मी बरोबर होतो, मला बरोबर जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ऊन असं की एसटीच्या खिडकीचा गज धरवत नव्हता. कुंभारीला एका म्हाताऱ्यानं आम्हाला हाकलूनच दिलं. चाकू चांगला चालतोय, दिलेली वस्तू परत मागायला लाजा वाटत नाहीत का, म्हणाला. रेवण त्याच्या अंगणात बसला. तासाभरानं म्हाताऱ्यानं चाकू आणून जमिनीवर ठेवला, रेवणनं तो उचलला, उघडला आणि नुसत्या करंगळीनं मागून दाबून मिटवून दाखवला. मग म्हाताऱ्यानं सुनेला सांगून ताक दिलं. पेठेतल्या पानवाल्याला चाकू इतका आवडला होता की तो म्हणाला, मी जपून वापरीन, लिहून देतो. प्रत्येक दारात रेवण एकच वाक्य बोलायचा, "माझा हात गेलाय, चाकू परत द्या." प्रत्येक दारात मी त्याच्या मागे उभा राहून ते ऐकायचो. आठवडाभरात आठही चाकू घरी आले. ज्याचा त्याचा चाकू ज्याच्या त्याच्या नावाच्या चिठ्ठीत गुंडाळून त्यानं एका स्टीलच्या डब्यात ठेवला, वाईसला तेल लावून फडकं बांधलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊला तो बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायला लागला.

दिवाळीनंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरचं झाकण काढलं तेव्हा आधी कळलं की दवाखान्याची भिंत पिवळी नाही, पांढरी आहे. बाहेर आलो आणि वर बघितलं. इतका निळा! आकाश असं असतं हे मी विसरूनच गेलो होतो. मला तिथं रस्त्यावर रडू आलं. बायकोला वाटलं, आनंदानं रडतोय. मी तसाच रिक्षा करून शुक्रवार पेठेत गेलो. रेवण झोपला होता. मी जळणाच्या खोलीत गेलो, तव्याशेजारच्या पत्र्यावर ती दहावी, जादा पट्टी तशीच पडली होती. मुठीत बसवलेल्या पट्ट्या घासल्या जातात, त्यांचा रंग जातो. हिला कुणी हात लावला नव्हता. मी ती दारात उजेडाला धरली. चुलीतल्या राखेसारखी, टोकापासून टोकापर्यंत राखाडी. मी ती खिशात घातली आणि वहिनींना, उठले की सांगा येऊन गेलो, म्हणून निघालो.

त्यानंतर मी किती वेळा सांगायला गेलो ते मोजलं नाही. एकदा गेलो तर तो माझा डोळा बघूनच खूश. वहिनींना बोलावून म्हणाला, बघ, याला परत तिशीतले डोळे आल्यात. डोळे कधीपासून गेले होते, ते त्यानं विचारलंच नाही. एकदा वहिनींनीच मला बाजूला घेऊन सांगितलं की काम सोडल्यापासून ते वेळेवर जेवतात, बीपी खाली आलंय, बरं झालं सुटलं ते. मला तेवढं पुरलं. मी म्हटलं, आता कशाला उकरायचं. निंगप्पाचं बोट काही सांगून परत येणार नाही. आणि एकदा, गेल्या मार्गशीर्षात, गेलो तर तो डाव्या हातानं उजवं मनगट धरून बसला होता. मी विचारलं, दुखतंय का? "न्हाय रे," तो म्हणाला, "बघलालोय. किती वर्सं चालला, आन शेवटाला असं केलं बघ यानं." तो हाताविषयी असं बोलत होता, जसं घरातल्या मुलाविषयी बोलावं... सांगायची ती वेळ होती. तोंड उघडलंही होतं. मी म्हणालो, आज चहा कडक झालाय.

महिनाभरानं तो झोपेत गेला. त्यांच्या पद्धतीनं बसवून, फुलांत, नेला. निंगप्पा दुधनीहून आला होता. त्यानं डाव्या हातानं माती टाकली. परतताना माझ्यापुढे दोघं चालले होते, त्यातला एक म्हणाला, कारागीर मोठा, पण शेवटी शेवटी हात गेला होता बिचाऱ्याचा. दुसरा म्हणाला, हो ना, वयच झालं. मी मागून ऐकलं आणि मला समजलं की मी सुटलो-बिटलो नाही. पेठेत रेवणप्पाचं जे नाव उरलं ते असं उरलं, आणि ते तसं उरण्याला मी कारण.

तरी आणखी चार आठवडे घेतले मी. एका दुपारी वहिनींनी बोलावलं. जळणाची खोली उघडली होती, तो डबा बाहेर काढला होता. या चाकूंचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मी खिशातली पट्टी काढून वाईसशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचं, तव्याचं, न दिसलेल्या निळ्याचं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "म्हंजे ह्येंचा हात चांगला हुता की वो, भावजी?"

मी म्हणालो, हो, चांगला होता.

"शेवटपातूर?"

मी म्हणालो, शेवटपर्यंत. टाचेत काही चूक नाही. मी एक चाकू उघडून दाखवला. पातं कुठं घासत नव्हतं, मूठ आणि पट्टी यांच्यामधून केस गेला नसता. थरथरणाऱ्या हातानं केलं असेल असं एकही खूण सांगत नव्हती. कप धरताना हलणारा हात कानशीवर हलत नव्हता. हे तो गेल्यावर आम्ही दोघं बघत होतो. वहिनी रडल्या, खूप रडल्या, आणि मधेच हसल्यासारख्या झाल्या, त्या हसण्यानं मला जे झालं ते मला लिहिता येत नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्ही त्यांना का सांगितलं नाही? मी वाईसशेजारची पट्टी उचलून पुन्हा तिथंच ठेवली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. डब्याला झाकण लावून त्या म्हणाल्या, "ज्या ज्या दारात ह्ये गेल्ते, त्या त्या दारात जावा. हात चांगला हुता म्हनून सांगा." त्या दिवशी चहा झाला नाही.

म्हणून गेले पंधरा दिवस मी पुन्हा तीच दारं फिरतोय, एकटा. गुडघे दुखतात, एसटीची पायरी पूर्वीपेक्षा उंच झाली आहे असं वाटतं. पानवाला म्हणाला, मला वाटलंच होतं, आणि पान लावून दिलं. कुंभारीचा म्हातारा मागच्या उन्हाळ्यात गेला. त्याच्या सुनेला मी सगळं सांगितलं, तिला काही कळलं नाही, तरी तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एकानं मला सरळ तोंडावर विचारलं, एवढे दिवस काय करलालता? त्याचं बरोबर होतं. सगळ्या पेठेत दारोदार फिरण्याएवढी ताकद आता माझ्यात नाही, म्हणून इथं लिहितोय. रेवणप्पाचा हात गेला नव्हता.

निंगप्पाकडे मी सगळ्यांत शेवटी गेलो, गेल्या मंगळवारी. मुद्दाम शेवटी ठेवला होता, भीतीनं. तो घराच्या सावलीत बाजेवर बसला होता. आता तो कलमं करत नाही, दुसऱ्यांनी केलेल्या कलमांवर प्लास्टिक गुंडाळतो, त्याला बोट लागत नाही. मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो, त्यानं हाताला धरून बसवलं. सांगून झालं तेव्हा मी त्याच्या बोटाकडे बघत होतो. तो म्हणाला, "बोट गेलं त्ये गेलं, त्याचं काय आता." आणि मग, कामाचा माणूस कामाचं विचारतो तसं, तो एकेक विचारायला लागला. पातं चांगलं होतं? चांगलं होतं. टाच? टाचही चांगली. खिळा ढिला नव्हता? नव्हता. त्याच्या घरच्या बाईनं पाणी आणून दिलं, ते मी प्यालो.

"म्हंजे पट्टीच तेवढी बदलायची हुती की," निंगप्पा म्हणाला. "किती दिसाचं काम हुतं त्ये?"

मी सांगितलं, एका दिवसाचं. सकाळी सुरुवात केली असती तर नऊच्या नऊ झाल्या असत्या, आणि संध्याकाळी रेवण हात धुऊन जेवायला बसला असता.